वालीवच्या गाळ्यातलं पापनिवेदन

दारू, पत्ते, तंबाखू यांपैकी एकही व्यसन बर्नार्डभाऊ तुस्कानोंना नव्हतं. त्यांना शिकवायचं व्यसन होतं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते त्या तिन्हींपेक्षा महाग पडायचं. भुईगावात त्यांच्या कुंपणापाशी कुणी सायकलला पंप मारताना दिसला की भाऊ हातातला भाताचा घास ताटात ठेवून बाहेर यायचे आणि हवा कशी भरावी ते शिकवायचे. केळीचा लोंगर झाडावरून कसा उतरवावा हे त्यांनी ज्या माणसाला शिकवलं, त्याचे आजे-पणजे केळीच्या बागायतीतच म्हातारे झाले होते. तो बिचारा मान डोलवत ऐकत राहिला, कारण लोंगर भाऊंच्या खांद्यावर होता. एकदा त्यांनी पोपटाला प्रभूची प्रार्थना शिकवायला घेतली. 'आमच्या स्वर्गीय पित्या' यातल्या 'आमच्या'पर्यंत पोपट आला आणि तिथेच थांबला. पुढे मरेपर्यंत तो पिंजऱ्यातून समोरच्या वाडीकडे बघत 'आमच्या, आमच्या' म्हणत राहिला. भाऊंच्या पत्नी विनी म्हणायच्या की पक्षी चांगला होता, ह्याच्या नादी लागून जमिनीच्या वादात पडला.

ह्या व्यसनाचा उपयोग जगात एकाच ठिकाणी होता, तो म्हणजे गावच्या देवळात. आमच्या वसईत ख्रिस्ती माणसंही चर्चला देऊळच म्हणतात. दरवर्षी लहान मुलांची पहिली कम्युनियन असते, म्हणजे देवळातला पवित्र प्रसाद ती पहिल्यांदा घेतात, आणि तिच्याआधी पहिलं पापनिवेदन. फादर जाळीच्या पलीकडे बसतात, मूल अलीकडे गुडघे टेकतं आणि आपली पापं सांगतं. फादर ती कुणाला सांगत नाहीत, थोडं प्रायश्चित्त देतात, की हिशेब साफ. ह्यासाठी मुलांची तयारी भाऊ करून घ्यायचे. त्यांचे नियम साऱ्या गावाला पाठ होते. नजर खाली, आवाज हळू. आपलंच पाप सांगायचं, दुसऱ्याचं नाव तोंडातून निघता कामा नये. आणि 'मी केलं पण त्याच्यामुळे केलं' अशी कारणं द्यायची नाहीत. भाऊंच्या आधी मुलं आत जायची ती बापाच्या बाटलीपासून शेजारणीच्या कोंबडीपर्यंत साऱ्या गावाची पापं सांगायची आणि स्वतः निष्पाप बाहेर पडायची. म्हातारे फादर एकदा म्हणाले होते की बर्नार्ड आल्यापासून गावातल्या बातम्या कळेनाशा झाल्या.

पोटापाण्यासाठी भाऊ अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीत होते. नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास तिने टाळं लावलं, तेव्हा ते वालीवला हरेश्वरशेठच्या गाळ्यात सुपरवायझर म्हणून लागले. हरेश्वरशेठ मूळचे वाडीवाले. वाडी बिल्डरला दिली, तिथे इमारत उभी राहिली, आणि आलेल्या पैशांतून त्यांनी शिलाई मशिनं घेतली. माणूस मनाने वाईट नव्हता. फक्त बागायतदाराच्या सवयीने त्याला वाटायचं की मशिनवरच्या बायकांनाही झाडांसारखं एका जागी उभं केलं की काम वाढत राहतं.

गाळ्यात शिवलं काय जायचं, तर नाताळ. लाल टेबलक्लॉथ, त्यावर बर्फात धावणारी सांबरं, भेटवस्तू टांगायचे मोजे, पांढऱ्या गोंड्याच्या टोप्या. युरोपातली एक बलाढ्य कंपनी हा माल घ्यायची. तिकडे नाताळ डिसेंबरात असला तरी वालीवला तो जुलैत सुरू व्हायचा आणि ऑक्टोबरात जहाजात चढायचा. आणि ह्या नाताळापायी गावातल्या ख्रिस्ती बायकांची ऑगस्टपासून एकही रविवारची मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, होत नव्हती. देवाच्या वाढदिवसाची तयारी इतकी जोरात चालली होती की देवाला भेटायला वेळ नव्हता.

मधल्या काळात त्या बलाढ्य कंपनीवर तिकडच्या कुठल्याशा वर्तमानपत्राने झोड उठवली, की तुमच्या स्वस्त मालापायी गरीब देशांतले कामगार भरडले जातात. कंपनीला एकदम सामाजिक जबाबदारीचा पुळका आला. तिने एक आचारसंहिता छापली आणि माल देणाऱ्या प्रत्येकाला एकेक प्रत पाठवली. आठवड्याची सुट्टी द्या, पिण्याचं पाणी द्या, संडास उघडे ठेवा, मुलांसाठी पाळणाघर ठेवा, आग लागली तर पळायला वाट ठेवा. हरेश्वरशेठने ती काचेत मढवून गणपतीच्या शेजारी टांगली. रोज सकाळी गणपतीला ओवाळलेली उदबत्ती तशीच पुढे सरकून आचारसंहितेलाही ओवाळली जायची. तिच्यावर झेंडूचा हारही असायचा. तिचं पालन सोडून तिची सर्व सेवा त्या गाळ्यात मनोभावे होत होती.

२००१च्या सप्टेंबरात कळलं की ऑडिट आहे, म्हणजे आचारसंहिता पाळली जाते का ते कंपनी तपासणार. आधीही एकदा झालं होतं. मुंबईहून एक साहेब आला होता, त्याने सुरमई खाल्ली, तपासणीच्या कागदावर सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या आणि जाताना सुकेळ्यांचा पुडा नेला. पण ह्या वेळी खुद्द कंपनीची बाई परदेशातून येणार होती. हेन्रिएट तिचं नाव. आणि तिने आधीच कळवलं होतं की मी बायकांशी एकेकीशी बंद खोलीत बोलेन, मालक जवळ नको, आणि त्यांनी सांगितलेलं गुप्त राहील.

हे ऐकून हरेश्वरशेठ केबिनमध्ये येरझाऱ्या घालू लागले. त्याच वेळी भाऊ केबिनमध्ये आले, ते रजा मागायला. त्यांची धाकटी सँड्रा ह्या वर्षी पहिल्या कम्युनियनला बसणार होती, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. वर्षानुवर्षं गावच्या पोरांना तयार केलं, पण स्वतःची पोर उभी राहणार त्या दिवशी भाऊ वालीवला सांबरं मोजत बसणार अशी लक्षणं होती. विनीने आदल्या संध्याकाळी मासे साफ करता करता, वर न बघता सांगून टाकलं होतं: "त्या रविवारी तू गाळ्यावर गेलास, तर जेवायलाही तिथंच बस. तिथं टेबलक्लॉथ भरपूर आहेत."

शेठने भाऊंचं म्हणणं ऐकून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत बागायतदाराची चमक आली. त्यांनी सौदा मांडला. बायकांना नीट पढव. बाईसमोर गाळ्याविरुद्ध एक शब्द निघता कामा नये. ऑडिट पार पडलं तर तो रविवार तुझा. नाही पडलं तर ऑर्डर गेली, गाळा गेला, आणि मग सगळेच वार तुझे.

भाऊंनी विचारलं, "आणि बायकांचा रविवार?"

"आधी ऑडिट," शेठ म्हणाले.

आता 'पढव' हा शब्द ज्याच्यासमोर उच्चारला तो बर्नार्ड तुस्कानो होता, हे शेठच्या लक्षात यायला हवं होतं. जेवणाच्या सुट्टीत बायकांना गोळा करून भाऊंनी तयारी सुरू केली, आणि माणसाला जी एकच तयारी येते ती त्याने घेतली. बंद खोली आहे, पलीकडे एक माणूस आहे, सांगितलेलं गुप्त राहणार आहे. आयुष्यात अशी एकच जागा भाऊंना माहीत होती. नजर खाली, आवाज हळू. आपलंच सांगायचं, दुसऱ्याचं नाव नाही. कारणं द्यायची नाहीत.

शेठने दाराआडून थोडं ऐकलं आणि ते खूश झाले. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे त्यांचं नाव घ्यायचं नाही. ह्याहून जास्त त्यांना काय हवं होतं!

बायकांनाही सगळं लगेच समजलं. गावच्या रोझलिन आणि क्लारा तर लहानपणी भाऊंच्याच हाताखालून गेल्या होत्या. अडचण होती ती हिंदू बायकांची, पण त्यांनी ह्या दोघींना मागे टाकलं. समुद्रकाठच्या कळंबची यमुना टोप्यांना गोंडे लावायची आणि तोंडाने फटकळ होती. तिला हा प्रकार इतका आवडला की ती म्हणाली, "तुमचं बरं हाय बाय. आमच्यात मन मोकलं करायचं तर भांडन काढावं लागतं." विरारहून येणाऱ्या पिंकीला एवढीच शंका होती की पाप कमी पडलं तर चालेल का. भाऊंनी तिला दिलासा दिला की नीट आठवलं की सापडतं.

एकच गोष्ट जमेना. समोरासमोर बसलं की रोझलिनला हसू यायचं. तेव्हा भाऊंनी पाळणाघरात दोन खुर्च्यांच्या मध्ये दोरी बांधली आणि तिच्यावर सांबरांचा एक लाल टेबलक्लॉथ टाकला. पाळणाघर म्हणजे एरवी खोक्यांची खोली. ऑडिटपुरती इथली खोकी मागच्या दारापाशी आधीच असलेल्या ढिगावर नेऊन रचली होती, भिंतीवर फुगे लावले होते, आणि मध्ये सँड्राचा लाकडी घोडा उभा होता, जो भाऊंनी विनीला न विचारता उचलून आणला होता.

हेन्रिएटबाई आल्या. उंच, उन्हाने लाल झालेल्या, बरोबर अनुष्का नावाची मुंबईची दुभाषी मुलगी. आचारसंहितेचा हार बघून त्या भारावल्या. मांडववाल्याकडून एका दिवसासाठी भाड्याने आणलेला पाण्याचा कूलर त्यांनी बघितला. पाळणाघरातला पडदा बघून तर त्यांनी वहीत काहीतरी लिहूनच घेतलं. कामगारांना संकोच वाटू नये म्हणून एवढी काळजी घेतलेली त्यांनी कुठल्याच देशात पाहिली नव्हती.

आत काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे. गुप्ततेचं बंधन ऐकणाऱ्यावर असतं, पाप्यावर नसतं, आणि परतीच्या टेम्पोत बायकांनी एकमेकींची पापं चवीने ऐकली.

पहिली रोझलिन गेली. अनुष्काने विचारलं, इथे काही त्रास आहे का. रोझलिन पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, त्रास काही नाही. पाप आहे. ऑगस्टपासून रविवारची मिस्सा चुकवली. का चुकवली? रोझलिन म्हणाली, कारण सांगायचं नसतं. बरं, मग त्या रविवारी होतीस कुठे? रोझलिनने थोडा विचार केला. आपण कुठे होतो हे कारणात मोडत नाही असं तिने ठरवलं आणि सांगितलं, इथेच, ह्या दाराबाहेरच्या चौथ्या मशिनवर.

पलीकडे पेन सुरू झालं.

क्लाराने कबूल केलं की केसांच्या आकड्याने तिने संडासाचं कुलूप उघडलं. एकदा नाही, बऱ्याचदा. आणि किल्ली ज्याच्याकडे असते त्याला मनातल्या मनात अशी शिवी दिली की ती इथे सांगितली तर वेगळं पाप लागेल. पिंकीने आठवून आठवून एक पाप काढलं. डोकं दुखत होतं म्हणून ती कामाच्या वेळात लपून झोपली. कुठे? मागच्या दारापाशी, खोक्यांच्या आड. तिथे कुणी येत नाही, कारण त्या दारातून कुणाला जाताच येत नाही. दाराच्या वर लाल अक्षरांत काय लिहिलं आहे ते अनुष्काने तिला विचारलं. पिंकी म्हणाली, ते आग लागल्यावरचं आहे, एरवीचं नाही.

मग यमुना बसली. तिला नियम पाठ होते, पण हळू आवाजाचा नियम कळंबच्या माणसाला पाळता येण्यासारखा नव्हता. बाहेर मशिनवर बसलेल्यांनीही ऐकलं.

"त्या कूलरचं पानी प्यायले. मना सांगून ठेवलेलं का त्यो दाखवायचा हाय, प्यायचा नाय. तरी प्यायले. गार व्हतं."

आणखी काही आहे का, असं अनुष्काने विचारलं. यमुना म्हणाली, माझं झालं. आणि उठायच्या ऐवजी ती तशीच बसून राहिली. हळदीकुंकवाला उखाणे घेतात तसं एकीचं झालं की दुसरीने घ्यायचं असतं, अशी तिची साधी समजूत होती. तिने सांबरांचा पडदा एका बाजूला सारला आणि हेन्रिएटबाईंकडे बघून म्हणाली:

"आता तू सांग, बाय."

भाषांतर करावं की नाही, असा अनुष्काला प्रश्न पडला. मग केलं. हेन्रिएटबाईंनी पेनाला टोपण लावलं. कितीतरी देशांतल्या कितीतरी खोल्यांत त्यांनी प्रश्न विचारले होते, पण कुणी उलटून विचारलं नव्हतं. त्या बोलल्या आणि अनुष्काने हळूच मराठी केलं: "जुलैमध्ये ऑर्डर दुप्पट केली. तारीख तीच ठेवली."

"कोनी?"

"आम्ही. आमच्या कंपनीने."

यमुनाने मान हलवली. तिला त्यात विशेष नवल वाटलं नाही, तिने घरी याहून मोठी पापं पाहिली होती. "मग परत नको करूस," ती म्हणाली, आणि भाऊंनी सांगितलेलं आठवून पुढे म्हणाली, "आनि काय परायचित्त असंल ते करून टाक." मग पदर सारखा करून बाहेर आली आणि पुढच्या बाईला म्हणाली की बाय चांगली हाय, खोटं बोलत नाय.

सगळ्यांत शेवटी बर्नार्डभाऊंना बोलावलं. शेठने त्यांना उत्तरं घोटवून दिली होती. रविवारी गाळा बंद असतो. संडास सदैव उघडे असतात. ही उत्तरं घेऊन भाऊ आत गेले. पण समोर त्यांनीच बांधलेला पडदा होता, पलीकडे कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता, आणि चाळीस वर्षांची सवय. खुर्ची होती तरी भाऊंचे गुडघे जमिनीला लागले. अनुष्का घाबरून उठली, तिला वाटलं माणसाला चक्कर आली.

भाऊ खाली बघून म्हणाले, "संडासाची किल्ली माझ्या खिशात असते." आणि त्यांनी ती काढून पडद्याखालून पलीकडे सरकवली. "रविवारी गेट मी उघडतो. शेठ नसतात. मी असतो."

सँड्राचा रविवार त्या किल्लीबरोबरच गेला हे त्यांना त्या क्षणी कळलं होतं का, असं मी त्यांना पुढे विचारलं होतं. ते म्हणाले, कळलं होतं, पण खोटं सांगायला पडद्याची ती बाजू चुकीची होती.

बाहेर आल्यावर शेठने पहिला प्रश्न केला, किल्ली कुठाय? बाई गेल्यावर संडासाला कुलूप लावायला लागेल.

"दिली," भाऊ म्हणाले.

शेठ खुर्चीत बसले. मग उठले. मग त्यांनी एकेकीला बोलावून विचारलं, बाईला माझ्याविरुद्ध काय सांगितलंस? प्रत्येकीने शपथेवर सांगितलं की शेठचं नावही काढलं नाही. शेठ भाऊंवर उखडले, की तुला पढवायला सांगितलं होतं. भाऊ म्हणाले की पढवलं तसंच बोलल्या, कुणी तुमच्याविरुद्ध शब्द काढला असेल तर दाखवा. शेठला दाखवता येईना. कामावरून काढायचं तर कुणाला, आणि कशासाठी? मिस्सा चुकवल्याबद्दल? पाणी प्यायल्याबद्दल? स्वतःच्या पापाची कबुली दिली म्हणून माणसाला काढावं असं बागायतदाराच्या कुठल्याच अनुभवात बसत नव्हतं.

तेवढ्यात हेन्रिएटबाई केबिनमध्ये आल्या आणि त्यांनी फोन मागितला. तिकडे त्यांच्या साहेबाशी त्या बऱ्याच वेळ बोलल्या, आवाज चढवून बोलल्या. गणपती, आचारसंहिता आणि हरेश्वरशेठ तिघेही निमूट ऐकत होते, आणि भाषा तिघांनाही कळत नव्हती. फोन ठेवून बाईंनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा. ह्या गाळ्यात एकाही कामगाराने मालकाची तक्रार केलेली नाही, असं अहवालात जाईल. पण संडासाचं कुलूप आजच निघेल. मागचं दार मोकळं होईल. कूलर राहील, आणि त्यातलं पाणी लोक पितील. रविवारी गाळा बंद, आणि हे सगळं झालंय की नाही ते बघायला त्या नाताळच्या आत पुन्हा येतील. ऑर्डर काढून घेणार नाहीत. आणि माल पुढच्या जहाजाने गेला तरी चालेल, कारण तारखेची चूक त्यांच्या कंपनीची होती.

शेठ भाऊंकडे बघू लागले. भाऊंना राहवलं नाही, शिकवायची संधी होती. त्यांनी समजावून सांगितलं की शेठ, ह्याला प्रायश्चित्त म्हणतात. रागाने नाही करायचं, नाहीतर धरत नाही.

कूलरवाल्या मांडववाल्याने पुढे कितीतरी दिवस कूलर परत मागितला. शेवटी शेठने तो विकतच घेतला, आणि त्याच्यावर गाळ्याचं नाव रंगवून घेतलं. तोही देव्हाऱ्याच्या रांगेत ठेवायचा त्यांचा विचार होता, पण तिथे नळ पोचत नव्हता.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भुईगावच्या देवळात सँड्रा पांढऱ्या झग्यात रांगेत उभी राहिली. गाळ्यातल्या सगळ्या बायका मागच्या बाकांवर होत्या. यमुना कळंबहून बोंबलांची पिशवी घेऊन आली होती आणि मिस्सा चालू असताना रोझलिनला विचारत होती की ह्या फादरलाबी उलटून इचारायचं का. विनीने तिला हळूच चूप केलं. भाऊ पुढे बसले होते आणि दर थोड्या वेळाने त्यांचा हात खिशात जायचा, किल्ली चाचपायला, आणि रिकामा बाहेर यायचा.

दुपारी घरी जेवण होतं, कोंबडी आणि फुगे, म्हणजे आमच्याकडचे तळलेले गोल पाव. हरेश्वरशेठही आले, हातात सँड्रासाठी खोका घेऊन. खोक्यात काय असणार हे सगळ्यांना माहीत होतं. सांबरांचा टेबलक्लॉथ होता. विनीने तो तिथल्या तिथे टेबलावर अंथरला आणि त्याच्यावर शेठना वाढलं. शेठ जेवले, फुगे परत मागून घेतले, बोटं पुसली. मग आजूबाजूला बघून भाऊंच्या कानाशी लागले, की बराच माल पडलाय रे, आजचा दिवस फुकट गेला, संध्याकाळी दोन तास जरी पोरी आल्या तरी...

भाऊंनी त्यांच्या ताटात आणखी एक फुगा टाकला.

"शेठ," ते म्हणाले, "तो बाईंचा पडदा अजून आहे माझ्याकडे. बांधू का?"

शेठनी फुगा खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत लाकडी घोड्याशेजारी खुर्ची टाकून बसून राहिले.